समाजाची इज्जत नव्हे, समाजाचे काम घेऊन उभे राहा

आंबेडकरी तरुणाला बोलता येत नाही असे म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही. १४ एप्रिलला परभणी, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड, कुठेही जा. दहावीतला पोरगा माईक हातात घेतो आणि कागद न बघता वीस मिनिटे बोलतो. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, घटना समिती, सगळे तारखांसह तोंडपाठ. तोच पोरगा दहा-बारा वर्षांनी नोकरीला लागतो. कुणी बँकेत, कुणी पंचायत समितीत, कुणी पुण्याच्या कंपनीत. एक दिवस साहेब सांगतात, "सोमवारच्या बैठकीत सादरीकरण तुम्ही करा." तिथून त्याची झोप उडते. रविवारी रात्री पोटात गोळा, सोमवारी सकाळी घशाला कोरड, हातपाय गार. काही जण त्या दिवशी आजारपणाची रजा टाकतात. काही जण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणतात, "पीपीटी मी करून देतो, बोल तू." मग काम आपल्या माणसाचे आणि नाव दुसऱ्याचे.

हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की ही एकेकाची खाजगी अडचण आहे असे मला आता वाटत नाही. मंचावर गर्जणारा माणूस बैठकीच्या सभागृहात गप्प का होतो, हा चळवळीचा प्रश्न आहे. त्यावर चळवळीतच बोलले पाहिजे.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासवाल्यांकडे याचे उत्तर तयार असते. आत्मविश्वास वाढवा, आरशासमोर उभे राहा, समोर बसलेले सगळे दगड आहेत असे समजा. पण समोर बसलेले दगड नसतात. त्यांच्यातलाच एक दगड आपला गोपनीय अहवाल लिहितो, दुसरा आपल्या बदलीच्या कागदावर सही करतो, आणि सगळ्या दगडांना आपले आडनाव माहीत असते. हे ज्याला कळते तो घाबरतो. त्याच्या घाबरण्याला व्यक्तिमत्त्वातला दोष म्हणणे म्हणजे जखमेला रोग्याचा स्वभाव म्हणण्यासारखे आहे.

या भीतीला इतिहास आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तेव्हा काय झाले हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचायच्या आत मुलांनी आरडाओरडा केला आणि धावत जाऊन डबे बाजूला काढले. त्या प्रसंगाकडे मी एका वेगळ्या कारणासाठी बघायला सांगतो. विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर उभे राहून आपल्याला येते ते करून दाखवायचे, म्हणजे हे सादरीकरणच होते. त्यात अडथळा गणिताचा नव्हता. तो पुढे येतो आहे, हीच समोरच्यांची तक्रार होती. आज डबे कोणी हलवत नाही. पण आपण उभे राहिलो की दोन जण एकमेकांकडे बघून हसतात, एक जण मोबाईल काढतो, आणि आपल्या अंगाला जे समजायचे ते समजते.

ही मनाची कल्पना नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २००४ मध्ये जागतिक बँकेने प्रसिद्ध केला. मुलांना कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणावा असा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, गाव, वडील, आजोबा आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तीच, बुद्धी तीच. फरक फक्त एवढाच की आता सगळ्यांना माहीत होते की हा कोण आहे. आपल्या कार्यालयात हे वाचन नेमणुकीच्या पहिल्या दिवशीच होऊन जाते.

यावर कोणी म्हणेल, भीती तर सगळ्यांनाच वाटते, जोशी-कुलकर्णींच्या मुलांचीही छाती धडधडते. मान्य आहे. माणसाचे शरीर जात बघून घाम सोडत नाही. पण चुकीची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते. त्याचा आकडा चुकला तर म्हणतात, "आज गडबडला बिचारा." आपला चुकला तर म्हणतात, "हे असेच, कोट्यातले." त्याची चूक त्याच्यापुरती असते, आपली चूक सबंध समाजाच्या खात्यावर मांडली जाते. म्हणून आपला माणूस उभा राहतो तेव्हा तो एकटा उभा नसतो. आईने खुरपणी करून भरलेली फी, बापाचे हमालीचे पैसे, वस्तीतला पहिला पदवीधर असल्याचा मान आणि बाबासाहेबांचे नाव, सगळे डोक्यावर घेऊन तो उभा असतो. एवढे ओझे डोक्यावर असल्यावर मान वर होणार कशी?

आणि हे ओझे फक्त वरच्या जातींनीच ठेवलेले नाही. त्यातले बरेचसे आपण स्वतः ठेवले आहे. "समाजाची मान खाली जाईल असे काही करू नको" हे वाक्य आपल्या घरोघर प्रेमाने बोलले जाते. त्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण बाबासाहेबांनी लढून मिळवलेल्या हक्कांत एक हक्क हाही आहे की आपल्या माणसाला साधारण असता यावे. इतरांसारखे अडखळता यावे, पाणी प्यायला थांबता यावे, पुढच्या वेळी सुधारता यावे. आपल्याला प्रत्येक वेळी असामान्यच असावे लागत असेल तर समता अजून आलेली नाही.

आता माझ्या कामाचे थोडे सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या एका कार्यालयात मी नोकरी करतो. माझ्याकडे रोजगार हमीच्या सिंचन विहिरींचे आकडे असतात. दर महिन्याला आढावा बैठक असते. मंजूर किती, सुरू किती, पूर्ण किती, रद्द किती, खर्च किती, हे तालुकावार पडद्यावर दाखवायचे आणि विचारतील त्याचे उत्तर द्यायचे. सुरुवातीच्या महिन्यांत माझे हात इतके गार पडत की मी रिमोट दोन्ही हातांनी धरत असे. एका बैठकीनंतर चहा घेताना एका वरिष्ठांनी आकड्यांबद्दल एकही प्रश्न न विचारता विचारले, "तुम्ही कोणत्या प्रवर्गातून लागलात?" दुसऱ्या एकाला माझ्या 'पानी' म्हणण्याची गंमत वाटली होती.

या 'ण' आणि 'न'बद्दल एकदा स्पष्ट बोलून घेऊ, कारण आपल्या मराठवाड्यातल्या किती तरी मुलामुलींचे तोंड या एका अक्षराने बंद केले आहे. 'पानी' म्हटल्याने विहिरीतले पाणी आटत नाही. ज्याला हवे त्याने प्रमाण उच्चार जरूर शिकावा. ते एक कौशल्य आहे, इंग्रजीसारखेच. पण आधी उच्चार सुधारू आणि मग बोलू, असे ठरवलेला माणूस निवृत्त होईपर्यंत बोलत नाही. पुण्यात कंपनीत काम करणारी माझी मावसबहीण इंग्रजीबद्दल हेच म्हणते. तिच्या बैठकीत परदेशी ग्राहक असतात. त्यांना तिच्या उच्चारांचे काही वाटत नाही, त्यांना काम कधी पूर्ण होणार ते हवे असते. उच्चारावर हसणारे शेजारच्या खुर्चीतले आपलेच देशबांधव असतात.

माझी भीती कमी झाली ती एका ओळीमुळे. आकडे जुळवताना माझ्या लक्षात आले की आमच्या तक्त्यात फक्त अर्ज केलेल्यांचाच हिशोब आहे. विहिरीसाठी नावावर सातबारा लागतो, किमान ०.४० हेक्टर सलग क्षेत्र लागते. आपल्या वस्त्यांतली जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसतात त्यांच्याकडे सातबाराच नाही, म्हणून ती अर्जच करू शकत नाहीत. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरीही कसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या हातात कागद नाही. आमच्या तक्त्यात ही माणसे 'मंजूर'मध्ये नव्हती, 'प्रलंबित'मध्ये नव्हती, 'रद्द'मध्येही नव्हती. सरकारी भाषेत ती अस्तित्वातच नव्हती.

मी काही गावांत जाऊन माहिती घेतली आणि पुढच्या सादरीकरणात शेवटी एक ओळ वाढवली: जमीन कसतात पण सातबारा नसल्यामुळे अर्ज करू शकत नाहीत अशी कुटुंबे. त्या दिवशीही छाती धडधडत होती. पण बोलता बोलता एक गोष्ट जाणवली. त्याआधी उभा राहिलो की माझे लक्ष माझ्याकडेच असायचे. मी कसा दिसतो, आवाज थरथरतो का, हे लोक काय म्हणत असतील. त्या दिवशी माझे लक्ष त्या ओळीकडे होते. ती सभागृहातल्या सगळ्यांना नीट कळली पाहिजे, एवढेच डोक्यात होते. साहेबांनी विचारले, "ही माहिती कुठून आणली?" मी गावांची नावे आणि तारखा सांगितल्या. ते म्हणाले, "यादी लेखी द्या." मी दिली. जमिनीचा निर्णय त्या बैठकीच्या हातात नव्हता, त्यामुळे लगेच कोणाला विहीर मिळाली नाही. पण ती ओळ पुढच्या महिन्याच्या तक्त्यात राहिली. त्यानंतर मला कोणी प्रवर्ग विचारला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. समाजाची इज्जत डोक्यावर घेऊन उभे राहू नका, समाजाचे काम हातात घेऊन उभे राहा. इज्जत डोक्यावर असली की सगळे लक्ष ती पडू नये याकडे जाते. काम हातात असले की लक्ष कामात जाते. प्रत्येकाच्या नोकरीत गायरान असेल असे नाही. पण प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी माणूस असतो. बँकेत कर्ज नाकारलेली बाई असते, दवाखान्यात औषधाविना परतलेला म्हातारा असतो, कंपनीत रात्रपाळी करणारा कामगार असतो. तो माणूस शोधा. मग सादरीकरण तुमच्याबद्दल राहत नाही.

बाबासाहेबांनी दुसरे काय केले? नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अस्पृश्य माणूस काय शिकवणार, म्हणून विद्यार्थ्यांनी सुरुवातीला दुर्लक्ष केले. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी ते पितात यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांनी व्याख्यानांची तयारी अशी केली की पुढे दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्याच काळात, २७ जानेवारी १९१९ रोजी, त्यांनी साउथबरो समितीसमोर साक्ष दिली. वय २७ वर्षे. समोर मताधिकार ठरवणारी ब्रिटिश सरकारची समिती. ते तिथे स्वतःची हुशारी दाखवायला गेले नव्हते. अस्पृश्यांचा मताधिकार आणि प्रतिनिधित्व हा विषय घेऊन, लेखी निवेदन तयार करून गेले होते.

१७ डिसेंबर १९४६ चा प्रसंग तर प्रत्येक नोकरदाराने लक्षात ठेवावा. घटना समितीत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. वक्त्यांच्या यादीत बाबासाहेबांच्या आधी वीस-बावीस नावे होती. आपली पाळी आलीच तर उद्या येईल असे त्यांनी धरले होते. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक त्यांचे नाव पुकारले. आपण आज तयारी न करता आलो आहोत, हे त्यांनी सभागृहाला सरळ सांगितले. घाबरून लपवले नाही. आणि मग बोलले. ज्या सभागृहात त्यांच्याकडून कडवट भाषणाची अपेक्षा होती तिथे त्यांनी देशाच्या ऐक्याबद्दल शांतपणे, मुद्द्याला मुद्दा जोडत भाषण केले आणि विरोधकांच्या टाळ्या घेतल्या. त्या दिवसाची तयारी नव्हती, पण तीस वर्षांची होती. आयत्या वेळी सुचते ते आधी साठवलेलेच असते.

आता आपल्या चळवळीबद्दल थोडे कडू बोलतो. आपल्या मंचांनी आपल्याला गर्जायला शिकवले, समजावून सांगायला कमी शिकवले. जयंतीच्या भाषणात समोर आपलीच माणसे असतात, टाळ्या ठरलेल्या असतात, प्रश्न कोणी विचारत नाही. घोषणा देणाऱ्याला आवाज लागतो. बैठकीत, न्यायालयात, ग्रामसभेत मात्र कागद, क्रम आणि उत्तर लागते. दोन्ही हवेत. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली तेव्हा समाज रस्त्यावर आला, आणि यायलाच हवा होता. पण कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाल्यावर लढाई शवविच्छेदनाच्या अहवालावर आणि तारखांच्या क्रमावर आली. त्याच्या आई न्यायालयात गेल्या, अ‍ॅड. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. रस्त्याने प्रश्न जिवंत ठेवला. आदेश मात्र मांडणीने मिळाला.

म्हणून ही मांडणी शिकण्याची जागा क्लास नव्हे, विहार असली पाहिजे. आम्ही काही मित्र रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबतो. ज्याचे त्या आठवड्यात सादरीकरण असेल तो दहा मिनिटे उभा राहून बोलतो. ऐकायला शाळकरी मुले, काही बाया, एक रिक्षाचालक दादा, एक निवृत्त शिक्षक. नियम एकच: बोलून झाल्यावर टाळ्या नाहीत, प्रश्न. रिक्षावाल्या दादांना जो आकडा कळत नाही तो साहेबांनाही कळणार नाही, हे आम्हाला अनुभवाने समजले आहे. आपल्या माणसांसमोर अडखळायला लाज वाटत नाही, आणि तिथे अडखळून झाले की बैठकीत कमी अडखळतो.

ज्यांना असा गट नाही त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी सांगतो. पहिली दोन वाक्ये पाठ करा, बाकीचे पाठ करू नका. धडधड सर्वांत जास्त पहिल्या मिनिटात असते, ती दोन वाक्ये तेवढा वेळ निभावून नेतात. पडद्यावरचे वाचून दाखवू नका, लोकांना वाचता येते. प्रत्येक आकडा कुठून आला ते एका कागदावर लिहून खिशात ठेवा. कोणते पाच प्रश्न येतील ते आदल्या रात्री लिहा, त्यातला सगळ्यात खोचक प्रश्न सर्वांत आधी. माहीत नसेल तर "माहिती घेऊन संध्याकाळपर्यंत कळवतो" असे म्हणा आणि संध्याकाळी खरोखर कळवा. हे वाक्य दोनदा पाळले की तुमच्या शब्दाला वजन येते. नाव पुकारण्याआधी चार-पाच वेळा श्वास सावकाश सोडा. आनापानसती आपल्या धम्मातलीच आहे, ती विहाराबाहेरही चालते.

आणि कोणी जातीवरून टोमणा मारलाच तर? तो प्रश्न तुमच्या बोलण्याचा नाही, त्याच्या वागण्याचा आहे. बैठकीत विषय सोडू नका, आपला मुद्दा पूर्ण करा. बाहेर आल्यावर तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवा. तो कागद पुढे कामाला येतो. गप्प बसणे आणि योग्य जागी बोलणे यात फरक आहे.

शेवटी एक सूचना. येत्या जयंतीला आपापल्या गावात भाषणाच्या स्पर्धेबरोबर एक सादरीकरण ठेवा. विषय इतिहासाचा नको, गावाचा घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासासाठी आपल्या ग्रामपंचायतीला किती निधी आला, कशावर खर्च झाला, काय बाकी आहे. दोन मुले, दोन मुली, दहा मिनिटे, मग गावाचे प्रश्न. मग तेच सादरीकरण घेऊन पुढच्या ग्रामसभेत उभे राहा. जो मुलगा सरपंचासमोर आपल्या वस्तीच्या नालीचा हिशोब मांडून आला आहे, त्याला उद्या कुठल्याही सभागृहाची भीती वाटली तरी ती त्याला गप्प करू शकणार नाही.

जय भीम! जय संविधान!